मेरी कीरचा मुलगा

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला विषय दिला तो 'आई आणि मुलाची घडण' हा. विषय ऐकून आम्ही थोडे बिचकलो. मजुरी, बोनस, महागाई भत्ता, टाळेबंदी यांवर बोलायला आम्हांला कोणी अपरात्री उठवले तरी चालते. पण आईवर बोलणे हे शिकल्यासवरल्या प्राध्यापकांचे काम, अशी आमची समजूत. शिवाय या विषयाची महाराष्ट्रातली वाट ठरून गेलेली आहे. जिजाऊंपासून निघावे, साने गुरुजींच्या आईपाशी यावे, श्रोत्यांचे डोळे ओले करावेत आणि थांबावे. या दोन्ही माउल्या आम्हांला पूज्य आहेत. 'श्यामची आई' हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि आमच्यासारख्या अनेकांनी ते शाळेत असताना रडत रडत वाचले. पण व्याख्यानांतून आई ज्या रीतीने उभी केली जाते तिच्याविषयी आमची एक तक्रार आहे. ती आई नेहमी मोकळी असते. गोष्ट सांगायला, श्लोक पाठ करून घ्यायला, चुकले तर जवळ बसवून समजावयाला तिला वेळ असतो. (श्यामच्या आईलाही कष्ट चुकले नव्हते, पण व्याख्याते ती पाने भराभर उलटतात.) ज्या घरांत आम्ही वाढलो आणि ज्या घरांत गेली तीस वर्षे आमचा वावर आहे, तेथे आईपाशी सगळ्यांत कमी असते ती हीच वस्तू, वेळ. मग तेथल्या मुलांवर आईचा परिणाम होत नाही असे म्हणावयाचे काय?

म्हणून आम्ही एका परक्या मुलखातल्या आईची हकीकत घेऊन आलो आहोत. तिचे नाव मेरी कीर. ती स्कॉटलंडातील एक मोलकरीण. तिचा मुलगा जेम्स कीर हार्डी हा ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील एका लोखंडी कपाटात. त्या कपाटात जुन्या पावतीपुस्तकांखाली हार्डींचे एक इंग्रजी चरित्र आम्हांला सापडले. पाठीला पुठ्ठा नव्हता. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला आम्हांला अख्खा पावसाळा लागला, आणि त्यानंतर ते आमच्या मनातून कधी गेले नाही.

मेरी कीर लॅनार्कशायर या कोळशाच्या खाणींच्या मुलखात शेतावर आणि घरकामाला चाकरीस असे. १५ ऑगस्ट १८५६ रोजी लेगब्रॅनक नावाच्या वस्तीत तिला मुलगा झाला. (तारीख पाहून आम्ही पुस्तक वाचता वाचता थांबलो होतो, हे कबूल केले पाहिजे.) ती तेव्हा अविवाहित होती. मुलाचा बाप म्हणून एका खाणकामगाराचे नाव सांगितले जाई, पण संसार तिने एकटीनेच सुरू केला. त्या काळच्या त्या कर्मठ समाजात याचा अर्थ काय होता हे आपल्याकडच्या माणसांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १८५९ साली तिने डेव्हिड हार्डी नावाच्या जहाजावरच्या सुताराशी लग्न केले आणि मुलाला त्याचे आडनाव मिळाले. सावत्र बाप वाईट माणूस नव्हता. कामाला कसलेला होता. पण काम कधी असे, कधी नसे, आणि दारू पोटात गेली की थोरल्याच्या जन्माचा उद्धार होई. घरात पाठोपाठ मुले होत गेली.

असल्या घरात मेरीने एक गोष्ट केली. तिने थोरल्याला वाचायला शिकवले. शाळेत घालण्याची ऐपत नव्हती. कुटुंब ग्लासगोला जहाजबांधणीच्या गोद्यांजवळ राहायला गेले, आणि जेम्स सातआठ वर्षांचा असतानाच एका आगबोट कंपनीत निरोप्या पोऱ्या म्हणून लागला. त्याला लिहिता येत नव्हते, नुसते वाचता येई. निरोप घेऊन जाताना पुस्तकांच्या दुकानाच्या काचेआड उघडे मांडलेले पुस्तक दिसले की तो उभा राही आणि दिसतील तेवढी दोन पाने वाचून घेई. आम्ही या गोष्टीला फार महत्त्व देतो. त्या बाईने पोराला ज्ञान दिले नाही, ते तिच्यापाशी देण्याइतके नव्हतेच. तिने त्याच्या हाती किल्ली दिली आणि ती स्वतः पुन्हा कामाला लागली.

१८६६ साली क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यांत मालकांनी टाळेबंदी पुकारली. ती सहा महिने चालली. टाळेबंदीत घराचे काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. प्रथम किराणा दुकानदाराची वही भरते, मग भांडी जातात, मग घरातली माणसे एकमेकांकडे पाहायचे टाळतात. हार्डींच्या घरातही विकता येण्याजोगे सारे विकले गेले. बापाला काम नाही, मेरीचे दिवस भरत आलेले, आणि जेम्सच्या पाठचा भाऊ तापाने अंथरुणाला खिळलेला. घरात मिळवता एकच, दहा वर्षांचा जेम्स. तो एका पाववाल्याच्या दुकानात माल पोचवण्याचे काम करी. सकाळी सातपासून, दिवसाला साडेबारा तास. आठवड्याची मजुरी साडेचार शिलिंग.

वर्षअखेरीचे दिवस होते. रात्री आजारी भावाजवळ बसून आईला हात द्यायचा आणि सकाळी सातला दुकान गाठायचे, हे पोराच्याने होईना. एके दिवशी उशीर झाला. दुसऱ्या दिवशीही पाव तास उशीर झाला, आणि तो पावसात भिजत, उपाशी पोटाने आलेला. मालकाने त्याला माडीवर बोलावले आहे असा निरोप मिळाला. माडीवर मालकाच्या घरची प्रार्थना चालली होती, म्हणून त्याला दाराबाहेर थांबवण्यात आले. प्रार्थना संपली. पोरगा आत गेला. न्याहारीचे मेज मांडलेले, सारे कुटुंब भोवती बसलेले. मालकाने त्याला शिस्तीवर चार शब्द सुनावले, कामावरून काढले, आणि दंड म्हणून आठवड्याची मजुरी कापून घेतली. घरी जाऊन आईला हे सांगायचे कसे, म्हणून पोरगा पावसात रस्तोरस्ती भटकत राहिला. शेवटी गेला. त्याच रात्री मेरी बाळंत झाली. पाठचा भाऊ त्या दुखण्यातून उठला नाही.

हा प्रसंग हार्डींनी पुढे मोठेपणी स्वतः लिहून ठेवला आहे. आम्ही तो आमच्या आईला तिच्या म्हातारपणी मराठीत करून वाचून दाखवला. ती नगरकडच्या एका पेठेत चाळीस वर्षे बिड्या वळत होती. तिला अक्षर येत नव्हते. सारे ऐकून घेतल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्या बाळंतिणीला त्या रात्री खायला काय घातलं रे?" आम्ही पुस्तक पुन्हा चाळले. मालकाच्या मेजावर काय काय होते, ते त्यात लिहिलेले होते.

ओघात आलेच आहे तर आमची एक घरची गोष्ट सांगतो. बिडीच्या धंद्यात 'छाट' म्हणून एक प्रकार असे. वळलेल्या बिड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा त्यांतल्या मूठमूठ बिड्या खराब म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही, आणि बिड्याही परत नाहीत. १९६६ साली बिडीकामगारांचा कायदा झाला तरी आमच्या लहानपणी, म्हणजे त्यानंतर दहाबारा वर्षांनी, आमच्या पेठेतली छाट काही थांबली नव्हती. आम्ही तिसरीत असताना आईने एक रीत पाडली. कारखान्यातून आली की कार्ड आमच्यापुढे टाकायची आणि म्हणायची, "वाच." आम्ही आकडे वाचायचे, तिने मनाशी ताळा करायचा. एके दिवशी हजार बिड्यांचे आठशे मांडलेले निघाले. आई उठली, आम्हांला हाताला धरून परत गेली, आणि भरल्या ओट्यावर म्हणाली, "दादा, पुन्यांदा मोजा. माझं पोरगं वाचतंय." पुन्हा मोजले नाही. उलट आठ दिवस आमच्या घराचे पान-तंबाखू बंद झाले. त्या आठ दिवसांत घरात काय शिजले ते आम्हांला आठवत नाही, पण ओट्यावरच्या इतर बायका कशा गप्प बसून राहिल्या होत्या ते आठवते. युनियनचे काम आम्ही का धरले असे लोक विचारतात. मोठाली कारणे आम्ही मागाहून वाचली. पहिले कारण हे.

मेरीकडे परत जाऊ. टाळेबंदीनंतर डेव्हिड हार्डी समुद्रावर नोकरीस गेला आणि ती मुले घेऊन न्यूआर्टहिलला आपल्या आईच्या आश्रयाला आली. म्हणजे या कथेत आणखी एक आई आहे, मेरीची आई. तिच्याविषयी चरित्रकार दोनचार ओळींवर जात नाहीत, पण ती नसती तर पुढचे काहीच घडले नसते. तेथे जेम्स दहाव्या वर्षी खाणीत उतरला. काम हवेच्या दाराशी बसण्याचे. कोळशाचा गाडा आला की दार उघडायचे, गेला की लावायचे. बाकी सारा वेळ अंधारात एकट्याने बसायचे. हिवाळ्यात सूर्य दिसे तो रविवारी. पुढे तो खाणीतले तट्टू हाकू लागला, मग कोळसा फोडू लागला. दिवसा खाण आणि रात्री होलीटाउनची रात्रशाळा. या शाळेत दिवा शाळेचा नसे. ज्याने त्याने आपली मेणबत्ती घरून न्यायची. तेथे तो लिहायला शिकला. लघुलिपी तर त्याने खाणीतच घोटली. दिव्याच्या काजळीने काळ्या केलेल्या दगडावर, वात सारायच्या तारेने. मेणबत्तीला पैसे पडतात. ज्या घरात एकेका पेनीचा हिशेब होता त्या घरातून ही मेणबत्ती कशी जात असेल, हे ज्याची आई घर चालवते त्यालाच उमजेल.

आईचा परिणाम म्हणजे मुलगा आईसारखा होणे, अशी एक भाबडी समजूत आहे. ती येथे टिकत नाही. मेरी आणि तिचा नवरा दोघेही देवाधर्मापासून दूर गेलेली, चार्ल्स ब्रॅडलॉच्या वळणाची बुद्धिवादी माणसे होती. (हाच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता.) प्रार्थना संपेपर्यंत पोराला दाराबाहेर उभा करणारा तो मालक आठवला म्हणजे त्यांचे कोणाला नवल वाटणार नाही. पण मुलगा ऐन पंचविशीच्या आत श्रद्धावान ख्रिस्ती झाला, चर्चमध्ये प्रवचने करू लागला, आणि मरेपर्यंत त्याचा समाजवाद बायबलाच्या भाषेत बोलत राहिला. आईने त्याला अडवल्याचे दिसत नाही. मात्र दारूबंदीच्या चळवळीत तो सतराव्या वर्षाच्या सुमारास शिरला आणि जन्मभर थेंबाला शिवला नाही, त्याचे मूळ घरातल्या रात्रींत होते असे आम्ही समजतो. आई जे सांगते ते मुले विसरतात. तिला जे सोसताना पाहतात ते विसरत नाहीत.

खाणकामगारांच्या बाजूने बोलायला लागल्यावर जे व्हायचे तेच झाले. एके सकाळी पाळण्यातून खाली उतरत असता हार्डींना पुन्हा वर बोलावण्यात आले, आणि या खाणीत हार्डी नावाचा एकही माणूस नको असे सांगून त्यांना व त्यांच्या धाकट्या भावांना बाहेर काढण्यात आले. आसपासच्या खाणींतही दारे बंद झाली. एकाने तोंड उघडायचे आणि घरातल्या तिघांची मजुरी जायची, ही शिक्षा मुळात चुलीला असते. १८८० साली लॅनार्कशायरच्या कामगारांनी पदरी पैसा नसता संप केला तेव्हा हार्डींनी आपल्या घरीच अन्नछत्र उघडले. संप फसला. आमच्या अनुभवाने सांगतो, फसलेल्या संपानंतर पुढारी लोकांना तोंड दाखवू शकतो की नाही, हे त्याच्या भाषणावरून ठरत नाही. संपाच्या दिवसांत त्याच्या दारी काय शिजत होते, हे बायका लक्षात ठेवतात.

पुढची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत आहे, ती आम्ही चटकन सांगतो. १८८८ साली मिड-लॅनार्कच्या पोटनिवडणुकीत त्यांना अवघी ६१७ मते पडली. १८९२ साली ते लंडनच्या वेस्ट हॅम साउथमधून निवडून आले आणि रेशमी टोपी व लांब कोट यांच्या सभेत कामकऱ्याची साधी टोपी घालून गेले. १८९३ साली ब्रॅडफर्ड येथे स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९०६ साली मजूर पक्षाचे २९ सभासद पार्लमेंटात आले आणि हार्डी त्यांचे पहिले अध्यक्ष झाले.

पण या साऱ्यांत आम्हांला मोठा वाटतो तो १८९४ चा जून महिना. २३ जूनला दक्षिण वेल्समधील आल्बियन खाणीत स्फोट झाला आणि अडीचशेंहून अधिक माणसे व पोरे मेली. त्याच दिवशी राजघराण्यात एक मुलगा जन्मला. पाच दिवसांनी पार्लमेंटात राजपुत्राच्या जन्माबद्दल अभिनंदनाचा ठराव आला. हार्डींची मागणी साधी होती, की वेल्समधल्या विधवांना आणि आयांना सहानुभूतीचे चार शब्द या ठरावाला जोडा. ते जमणार नाही असे ठरले. तेव्हा ते एकटे उभे राहिले आणि ठरावाच्या विरुद्ध बोलले. सभागृहात ओरडा झाला, वर्तमानपत्रांनी झोडपले, आणि पुढच्याच वर्षी त्यांची जागा गेली. (तो राजपुत्र १९३६ साली राजा झाला आणि वर्ष संपायच्या आत गादी सोडून गेला, ही निराळी गंमत.) हार्डींच्या या वागण्याला त्या वेळी कित्येकांनी असभ्यपणा म्हटले. आम्ही म्हणतो, एका घरी बाळंतपण आणि जीवघेणे दुखणे एकाच वेळी आलेले ज्याने दहाव्या वर्षी पाहिले, त्याला कोणत्या पाळण्यावर शिंतोडे उडवायचे नव्हते. कोणाचा पाळणा देशाच्या हिशेबात धरतात आणि कोणाचा धरत नाहीत, एवढेच तो विचारीत होता.

शाळेतल्या उपाशी पोरांना जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना देणारा कायदा १९०६ साली झाला, तो मजूर सभासदांच्या विधेयकातून. स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने हार्डी इतक्या आग्रहाने उभे राहिले की स्वपक्षातले लोक वैतागले. हे सारे खरे. पण येथे आम्हांला एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे, नाही तर हे व्याख्यान लबाडीचे होईल. हार्डींची पत्नी लिली कमनॉक गावी मुले घेऊन वर्षानुवर्षे जवळजवळ एकटी राहिली. तिची एक मुलगी लहानपणीच गेली. पैसा तुटपुंजा, नवरा सभांना, दौऱ्यांना, लंडनला. आयांच्या बाजूने सभागृह गाजवणाऱ्या माणसाच्या घरी आईच्या वाट्याला तेच आले जे मेरीच्या वाट्याला आले होते. याची टीका करायला आम्हांला तोंड नाही. आमच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या रात्री आम्ही एका फाटकासमोरच्या मंडपात होतो, आणि चौथ्या दिवशी घरी गेलो. आमच्या घरातल्या माणसाने त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. काढला असता तर बरे झाले असते.

मेरी आणि तिचा नवरा १९०२ साली थोड्या अंतराने वारली. मुलगा तोपर्यंत दुसऱ्यांदा पार्लमेंटात पोचला होता, मर्थर टिडव्हिलच्या खाणकामगारांनी १९०० साली त्याला निवडून दिले होते. १९०७ साली हार्डी हिंदुस्थानात आले, वंगभंगाच्या खळबळीत बंगालमध्ये हिंडले, आणि या देशाला वसाहतींसारखे स्वराज्य द्यावे असे उघड बोलल्याबद्दल विलायती पत्रांच्या शिव्या खाऊन परत गेले. १९०९ साली त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले. महायुद्धाला विरोध करीत ते सप्टेंबर १९१५ मध्ये ग्लासगोला वारले.

त्या वेळी आमच्या मुंबईत काय होते? गिरणीत जाणारी बाई तान्हे मूल घरी ठेवून जायची आणि ते दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी द्यायची. तिला 'बाळागोळी' म्हणत. डॉक्टरांनी चौकशा करून याची नोंद केलेली आहे. अशा आईला निर्दय म्हणणारे त्या काळी होते, आजही निघतील. तिच्या पोराला तिच्याकडून काय मिळाले असे विचारण्याआधी, तिचे दहा तास कोणी नेले हे विचारावे लागते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणात आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमांचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलला पाहिजे, असा त्यांचा रोख होता. बाबासाहेबांची आई भीमाबाई ते पाचसहा वर्षांचे असतानाच गेली होती. आत्या मीराबाईने त्यांना वाढवले. १९२९ साली कायदा झाला आणि गिरणीतल्या बाळंतिणीला रोजी आठ आणे मिळू लागले. १९३६ साली बाबासाहेबांनी पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ब्रॅडफर्डला ठेवले होते तेच. १९६१ साली देशभरासाठी कायदा होऊन रजा बारा आठवड्यांची झाली, २०१७ साली ती पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवड्यांवर गेली. घरी बसून बिड्या वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्यातले किती आठवडे पोचले, हे आमच्या कचेरीत येऊन तिच्याच तोंडून ऐकावे.

आमच्या बायकांच्या सभा पूर्वी संध्याकाळी सातला असत आणि कोणी येत नसे. बायकांना जागृती नाही, असे आम्ही अहवालात लिहीत असू. पाचसहा वर्षांपूर्वी एका म्हातारीने आम्हांला विचारले, "सातला चूल कोण पेटवील, तुम्ही?" तेव्हापासून सभा दुपारी दोनला घेतो. पोरे बरोबर येतात, गोंगाट करतात, चहात बिस्किटे बुडवतात. त्यांतल्या वाचता येणाऱ्यांना आम्ही पुढे बसवतो आणि आयांची कार्डे मोठ्याने वाचायला देतो.